नळापासून तिसरी जागा

या गोष्टीतली नावं मी बदलली आहेत. या वेळी जागाही बदलल्या आहेत, आणि खाडीपलीकडच्या त्या कोळीवाड्याचं नाव तर लिहितच नाही. प्रबंध लिहितानाच मला एवढी अक्कल असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

मी रुचिरा. तेव्हा माझं वय चौतीस वर्षं आणि अकरा महिने होतं. महिने सांगायचं कारण असं, की ज्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी मी अर्ज केला होता, तिची वयोमर्यादा पस्तीस होती. समाजशास्त्रात पीएचडी होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बोरिवली ते अंधेरीच्या पट्ट्यात तीन कॉलेजांत मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. तास झाला तर पैसे, परीक्षा लागल्या की मी घरी. घरी अप्पा, म्हणजे माझे वडील. आजोबा गिरणीत, अप्पा अंधेरीच्या एमआयडीसीत, आणि मी शिकले, शिकले आणि शिकतच राहिले, असा आमच्या घराण्याचा इतिहास.

"पीएचडी झाली मां तुझी?" अप्पांनी विचारलं होतं. "मग आता परत कसला शिकतंस?"

"शिकणं नाही हो. संशोधन. दोन वर्षं दर महिन्याला पगार, आणि शेवटी पुस्तक."

"आणि मगे?"

"मग बहुतेक कायमची नोकरी."

"बहुतेक," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

पण आठ जणांच्या अंतिम यादीत माझं नाव आल्याचं कळलं, तेव्हा याच माणसाने खाली जाऊन पाव किलो पेढे आणले. मुलाखत सोमवारी होती. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं मिळून आठ उमेदवार आणि जागा दोन. शिवाय या फेलोशिपची एक पद्धत होती, तिला ते जाहीर वाचन म्हणायचे. आठही जणांनी पाठवलेलं आपापल्या प्रबंधातलं एकेक प्रकरण दहा दिवस संस्थेच्या वेबसाइटवर ठेवायचं. कुणीही वाचावं, कुणीही मत द्यावं. अर्ज भरताना या गोष्टीला संमती म्हणून एका चौकोनात खूण करायची होती. मी ती केली होती. तेव्हा अजिबात भीती वाटली नव्हती. उलट वाटलं, वाचू दे जगाला.

शनिवारी सकाळी हेमांगीचा मेसेज आला. हेमांगी माझी जुनी विद्यार्थिनी, त्याच कोळीवाड्यातली. तिच्यामुळेच मला तिथे शिरता आलं होतं.

"मॅडम, तुमचा चॅप्टर आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. कोणीतरी फोनवरच मराठी करून टाकलाय. त्यातली सुमन म्हणजे आमची कमळमावशी ना? नळापासून तिसरी?"

मी तो मेसेज तीनदा वाचला.

झालं होतं ते असं. कमळमावशी त्या गावच्या बाजारात मासळी विकते. एका दुपारी, धंदा उरकल्यावर, तिने मला एक गोष्ट सांगितली होती. गावाला मासळी सुकवायचं एक खळं आहे, चांगलं मोठं, समुद्राला लागून. ते पिढ्यान्‌पिढ्या बायका वापरत आल्या. ते खळं एका बिल्डरला द्यायला गावच्या एक्कावन्न बायकांची संमती आहे, असा कागद मच्छीमार सोसायटीने तयार केला. कमळमावशी म्हणाली, त्यातल्या एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन धर्मा तिचा चुलतदीर. तो सोसायटीच्या ओटीवर बसून, पेनं बदलून बदलून, एक्कावन्न सह्या करत होता. त्याच्या पाठीमागून जाताना तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

"नाव नको घालू हां पोरी," ती म्हणाली होती. "माजा पोरगा विकी त्याच्याच बोटीवर जातो."

मी शपथ घेतली होती. पाळलीही. कमळची सुमन केली, धर्माचा चेअरमन केला, गावाचं नाव काढलं. पण माझ्या गाइडना तपशील हवा होता, आणि मलाही तो मिरवायचा होता. म्हणून बाजाराचं वर्णन मी अगदी रंगवून केलं. ओट्यावर कोण कुठे बसते हे तिथे ठरलेलं असतं. सासूची जागा सुनेला मिळते, दुसरी कुणी तिथे टोपली टेकवत नाही. हे मला इतकं आवडलं, की सुमनची ओळख मी नावाने न देता जागेने दिली. नळापासून तिसरी. बाहेरच्या वाचकाला त्यातून काही कळत नाही. त्या गावात मात्र तो पुरा पत्ता होतो. नाव लपवून पत्ता छापणारी बाई म्हणजे मी.

हेमांगीला लिहिलं, "कोणाला काही बोलू नकोस." तिचं उत्तर आलं नाही. फोन केला, तर बंद.

मग मी फेलोशिपच्या ऑफिसला फोन लावला. शनिवार असूनही शौनक नावाच्या एका भल्या मुलाने तो उचलला.

"मॅम, प्रकरण बदलून देता येत नाही. काढायचं तर अर्जच मागे घ्यावा लागेल. तुम्ही मेल करा, दहा मिनिटांत उतरवतो."

"फक्त एक ओळ बदलली तर?"

"नियम आहे ना मॅम. बाकीच्या सात जणांवर अन्याय होईल."

हे लपवत नाही, की मी तो मेल केला नाही. दहा मिनिटांत सगळं उतरलं असतं, आणि मी मनाशी म्हटलं, आधी जाऊन बघू या. ग्रुपवर आलंय म्हणजे काय लगेच वाचलंच असेल का कोणी? लोक लग्नाचे फोटोसुद्धा धड बघत नाहीत. असं म्हणत मी चपला घातल्या आणि अप्पांना सांगितलं की खाडीपलीकडे जाऊन येते.

"सोमवारचा वाचन झाला तुझा?" त्यांनी विचारलं.

"झालं."

रिक्षाने जेट्टीपर्यंत आणि फेरीने खाडी ओलांडून जायला एरवी मजा वाटते. त्या दिवशी फेरीवर समोरच्या बाकावर एक माणूस फोनवर काहीतरी लांबलचक वाचत होता, आणि माझी नजर त्याच्या अंगठ्यावरून हटेना. विकी समुद्रावर गेला असेल का, याचा विचार करत होते. गेला असेल तर चार-पाच दिवस त्या बोटीवर तो आणि धर्माची माणसं, आणि आजूबाजूला पाणी. बोटीवरून माणूस पडला असं सांगितलं की तपास कोण करतं? असले विचार मी आयुष्यात कधी केले नव्हते. पलीकडे उतरून शेअर रिक्षा घेतली तेव्हा ब्लाउजची पाठ घामाने ओली झाली होती.

बाजारात शिरले आणि आधी काही ओळखीचंच वाटेना. पूर्वी पत्र्याची शेड होती, आता पक्कं छप्पर आलं होतं. ओट्याला पांढऱ्या फरश्या. नवीन बांधकाम झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तरी कुठे चार वर्षांत फिरकले होते?

बायका मात्र त्याच क्रमाने बसल्या होत्या. कमळमावशी तिच्या जागेवर होती. समोर मांदेली, बाजूला कोयता, मांदेलीखाली बर्फ. तिला धडधाकट बघून मला रडूच आलं. मी तिच्याकडे वळणार एवढ्यात तिने मान किंचित हलवली. नको. मग नजर खाली घालून ती मासळीवर पाणी मारत राहिली.

पाणी मारत होती, म्हणून माझं लक्ष नळाकडे गेलं. नळ जागेवर नव्हता. पूर्वी तो दाराशी होता. नव्या बांधकामात तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला होता. मी त्या टोकापासून मोजलं. एक, दोन, तीन.

तिसरी जया होती.

जयाशी माझं कधी बोलणंही झालं नव्हतं, बोंबलाचा भाव विचारण्यापलीकडे. तिच्यासमोर पापलेटं आणि कोलंबी मांडलेली होती, आणि त्यांच्याखाली बर्फाचा एक खडासुद्धा नव्हता. अकरा वाजले होते. कोलंबी गुलाबीची करडी व्हायला लागली होती. डावीउजवीकडच्या बायकांपुढे बर्फाचे ढीग होते, आणि त्यांच्यापैकी एकीनेही जयाला ओंजळभर बर्फ दिलेला नव्हता. सगळ्या खाली मान घालून बसल्या होत्या. एवढ्या कोळणी एका ठिकाणी आणि आवाज नाही, असा बाजार मी कधी बघितला नव्हता.

ओट्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर धर्मा बसला होता. साठीचा, पांढरा शर्ट, डोळ्यांवर वाचायचा चष्मा, हातात फोन. पायाशी थर्माकोलची बर्फाची पेटी. बाजाराचा बर्फ सोसायटीकडून येतो, हे मीच माझ्या प्रकरणात लिहिलं होतं.

"या मॅडम," तो म्हणाला. "तुमचंच वाचतोय. चा घेनार?"

"नको."

"घ्या वो. लांबून आलाय." त्याने चहा मागवला नाही, आवाजही चढवला नाही. मी त्याच्या हातांकडे बघत होते आणि त्याच हातांनी केलेल्या एक्कावन्न सह्या मला आठवत होत्या.

जयाने मला ओळखलं. ती उठून उभीच राहिली. "ही बगा, आली. इलाच इचारा. मी इच्याशी कवा बोल्ली? माज्या पोरांची शपथ, मना काय पन माहीत नाय. सांग गं बाय, सांग यांना."

"बस जया," धर्मा म्हणाला, आणि जया बसली.

मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "इथं लिवलंय, नलापासून तिसरी. तिसरी ही. आता ही बोलते मी नाय. मंग कोन, ते तुमीच सांगा. गावात उगाच कोनावर आळ नको."

त्याला बाजार माहीत नव्हता. पुरुष तिथे बसत नाहीत. नळ हलवला तो त्यानेच, पण पूर्वी नळापासून कोण कितवी होती हे त्याच्या ध्यानात राहायचं कारण नव्हतं. ते ओट्यावरच्या प्रत्येक बाईला माहीत होतं. प्रत्येकीने नळ जुन्या जागी ठेवून मोजलं असणार, आणि प्रत्येकीला कळलं असणार सुमन कोण ते. एकही बोलत नव्हती. जयालासुद्धा माहीत असणार. तरी ती नाव घेत नव्हती, नुसती शपथा घालत होती, आणि तिची कोलंबी खराब होत चालली होती.

"मॅडम, नाव सांगा," धर्मा म्हणाला. "नाय तर मी समजतो, हीच. उद्यापास्नं हिला बर्फ नाय. जागा पन नाय. हिच्या घरी कोन हलदीकुंकवाला जानार नाय, हिच्या मयताला खांदा नाय. गाव ठरवतो तसं व्हतं."

वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, हे मी वर्गात शिकवते. कलमं पाठ आहेत. त्या क्षणी एकही तोंडात आलं नाही. मी कमळमावशीकडे बघणार नाही असं ठरवलं, आणि बघितलंच. ती कोयता हातात घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती की विकीचं, कुणास ठाऊक. ती आता उठून उभी राहील आणि बोलेल, अशी मला भयंकर भीती वाटली. आणि ती गप्पच बसेल, याचीही.

"कोणीच नाही," मी म्हणाले.

"म्हंजे?"

"कोणी सांगितलंच नाही मला. सुमन नावाची बाईच नाही. मी मनानेच लिहिलं."

"मनानं?"

"पीएचडीसाठी काहीतरी जोरदार लागतं. म्हणून रचलं."

बाजारात कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज केला. जया असावी. धर्माने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याला विश्वास नकोच होता.

"मंग लिवून द्या," तो म्हणाला.

सोसायटीचं लेटरपॅड त्याने आणूनच ठेवलं होतं. मला ओट्याच्या कडेवर टेकून लिहावं लागलं. फरशी ओली होती, म्हणून जयाने आपला कोरडा फडका पुढे केला, कागदाखाली ठेवायला. मी लिहिलं, की माझ्या संशोधनातली अमुक मुलाखत मी स्वतः रचलेली असून मला गावातल्या कोणत्याही महिलेने काहीही सांगितलेलं नाही. संशोधकाने असं लिहून देणं म्हणजे काय, ते माझ्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. फेलोशिप गेलीच. पीएचडीही काढून घेऊ शकतात. मी इतकी घाबरले होते की त्याचं दुःख तेव्हा झालंच नाही.

सही करायला गेले, तर धर्माने बोट कागदावर ठेवलं.

"आजून एक वोल. बायकांनी सह्या राजीखुशीनं केल्या. मी सोता चौकशी केली, त्या खऱ्या हायेत."

"ते कशाला?"

"पुढच्या महिन्यात कलेक्टरकडं खल्याची तारीख हाय. हेमांगी आन्‌ दोनतीन पोरींनी अर्ज टाकलाय, सह्या खोट्या म्हनून." त्याने पायाने बर्फाची पेटी थोडी पुढे सरकवली. "तुमी शिकलेल्या. डॉक्टर. तुमच्या शब्दाला वजन हाय."

हेमांगीने फोन धर्माला टाळायला बंद ठेवला असणार, हे मला तेव्हा समजलं. तिने अर्ज केल्याचं मला कधी सांगितलं नव्हतं. वेबसाइटवर येताच माझंच प्रकरण वाचून तिने तो केला असेल, हेही मला तिथेच, त्या ओल्या ओट्यापाशी कळलं.

मी नाही म्हणू शकले असते. म्हणजे तोंड होतं, जीभ होती. पण नाही म्हटलं तर पहिलं वाक्य आपोआप खोटं ठरत होतं, आणि मग पुन्हा तोच प्रश्न, कोण? जया की दुसरी? पेटीचं झाकण अर्धं उघडं होतं. मी ती ओळ लिहिली. खाली सही केली, आणि त्याने सांगितलं म्हणून नावामागे डॉक्टर लिहिलं.

धर्माने कागद नीट वाचला, फोनवर त्याचा फोटो काढला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मग स्वतः वाकून त्याने पेटीतला बर्फ दोन्ही हातांनी जयाच्या फरशीवर ओतला. आजूबाजूच्या बायकांनी माना वर केल्या. एकीने भाव ओरडायला सुरुवात केली, तशा दुसऱ्याही ओरडू लागल्या.

जयाने कोलंबी बर्फात दाबली. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाज नाय वाटली तुला, गरिबाच्या नावानं खोटं लिवाया?"

तिला खरं माहीत होतं. तरी ती म्हणाली, कारण धर्मा अजून तिथेच होता. हे मला कळत होतं आणि तरी ते शब्द लागले.

मी बाहेर पडले. रिक्षा लगेच मिळाली नाही म्हणून रस्त्याने चालत निघाले, दर चार पावलांनी मागे बघत. मागून खरंच पावलं वाजली तेव्हा मी जवळजवळ पळाले. कमळमावशी होती. हाताला खवले तसेच, पदर कमरेला खोचलेला. ती माझ्याबरोबर न थांबता चालत राहिली, अनोळखी बाईसारखी, तोंड समोर ठेवून.

"विकी कुठे आहे?" मी विचारलं.

"बोटीवर. मंगलवारी येल." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "माजी जीब रेटली नाय. जयाची कोलंबी सडत व्हती, मी बगत व्हती, पन नाय रेटली."

"बरं झालं नाही बोललात."

"त्या दुसऱ्या वोलीत काय लिवलंस तू?"

मी सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, संध्याकाळपर्यंत तो कागदही ग्रुपवर आला असता. ती चालता चालता थांबली.

"मना बरं वाटायचं," ती म्हणाली. "तुला सांगितलं तवापास्नं. वाटायचं, कुटंतरी लिवलेलं हाय. मी मेली तरी ऱ्हाईल."

तिने खवल्यांचा हात पदराला पुसला.

"आता खलं गेलं, नाय?"

"हो मावशी," मी म्हणाले. "गेलं."

ती वळली आणि बाजाराकडे परत निघाली. फेरीवर बसल्यावर मी शौनकला मेल लिहिला, की मी माझा अर्ज मागे घेते. दहा नाही, चार मिनिटांत त्याचं उत्तर आलं, प्रकरण उतरवलं आहे म्हणून. घरी अप्पांनी पुस्तकं टेबलावर नीट लावून ठेवली होती, सोमवारसाठी. मी त्यांना काही सांगितलं नाही. रविवार गेला, सोमवारी मुलाखतीची वेळ गेली. मी फोन हातात धरून बसले होते आणि मंगळवारची वाट बघत होते.